नाथषष्ठीची दिंडी: जीपीएक्स, केएमएल की फिट, कोणती फाईल द्यावी?

पांदणवाट: रामराम मंडळी. गेवराईकडून आमच्या गावची दिंडी नाथषष्ठीला पैठणला जाते, निम्मी वाट शेतातून. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसोबत दोन पोरं असतात, त्यांच्या मोबाइलवर वाट द्यायचीय. एका वारकऱ्याच्या घड्याळातल्या नोंदीच्या तीन फायली आल्यात: जीपीएक्स, केएमएल, फिट. भाच्यानं मुक्कामांवरून आणखी एक जीपीएक्स केली, पण ती लावली की मोबाइल डांबरीवरूनच न्यायलाय. फाल्गुनातलं ऊन, माणसं चुकायला नकोत.

माळरान: ताई, केएमएल घ्या. गूगल अर्थवर छान दिसते.

गोदाकाठ: दिसायला छान, पण पोरांना चालायचंय. ताई, जीपीएक्समध्ये सुटे ठिपके, रूट आणि ट्रॅक असं तिन्ही बसतं. रूटमध्ये मोजकेच ठिपके असतात. मधली वाट अॅप स्वतःच्या नकाशातून शोधतं आणि त्यात तुमची पांदण नसली की डांबरी धरतं. ट्रॅक म्हणजे माणूस जिथून गेला तिथला माग, उंची-वेळेसकट. तुम्हाला तोच पाहिजे. फाईल नोटपॅडमध्ये उघडा. ‘टीआरकेपीटी’ दिसलं तर ट्रॅक, ‘आरटीईपीटी’ दिसलं तर रूट. वेळ साडेपाच तास मागं दिसेल. ती जागतिक वेळ असते, बिघाड नाही.

फिट ही घड्याळं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीची, नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. मूळ नोंद म्हणून जपून ठेवा.

केएमएलमध्ये हातानं काही भरणार असाल तर रेखांश आधी लिहायचा: पैठण ७५.३८,१९.४८. उलटं झालं तर पैठण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! जीपीएक्समध्ये अक्षांश-रेखांश नावानिशी असतात, म्हणून पाणवठे त्यातच भरा.

पांदणवाट: बघितलं. भाच्याची आरटीईपीटीच निघाली, घड्याळाची टीआरकेपीटी. पण तीत ‘उजवीकडे वळा’ असं काहीच ऐकू येईना.

गोदाकाठ: ट्रॅक नुसता उघडला तर रेघच दिसते. ऑसमअँड या नकाशाच्या अॅपमध्ये त्याच ट्रॅकवरून नेव्हिगेशन लावा, म्हणजे वाट सोडली की अॅप सावध करतं. महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घ्या. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा उतरवायला लागते. आणि विहिरी, हापसे, सावलीची झाडं सुट्या ठिपक्यांत टाकताना नावं गावातली लोकं म्हणतात तीच द्या. पोरांना वाट विचारावी लागली तर त्याच नावांनी विचारता येईल.