अनुभव धागा: बाटलीतली फुप्फुसं

खारीचा_वाटा: लेकीला सातवीच्या प्रकल्पासाठी फुप्फुसांचं मॉडेल करायचंय. तळ कापलेली बाटली, आत दोन फुगे, खाली ताणलेलं रबर, एवढं ठाऊक आहे. ज्यांनी केलंय (किंवा पोरं झोपल्यावर स्वतःच करत बसलेत) त्यांनी लिहा.

सांडगी_मिरची: बहुतेक मॉडेलं झाकणापाशी मार खातात. नळीभोवती बारीकशी फट राहिली तरी खालचं रबर कितीही ओढा, फुगे ढिम्म! हवा फटीतूनच बाटलीत शिरते, फुग्यात कशाला जाईल? स्ट्रॉ चिकटवत बसू नका, मत्स्यालयाच्या दुकानात तीन तोंडांची जोडनळी स्वस्तात मिळते. भोवती एम-सील, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी झाकणाला साबणाचं पाणी लावून रबर वर ढकला. बुडबुडे आले तर गळती तिथेच.

निवृत्त_मास्तर: मी वर्गात आधी विचारायचो, हवा आत येते म्हणून छाती फुगते, की छाती फुगते म्हणून हवा आत येते? जवळजवळ सगळे हात पहिल्या बाजूला. मग रबर ओढायचं. कोणी फुंकत नाही, तरी फुगे फुगतात! जागा वाढली, दाब घटला, बाहेरची हवा आत आली. बॉइलचा नियम, १६६२ सालचा. फक्त रबर ओढून वाटीसारखं खाली लोंबतं. हे रबर ज्याच्या जागी आहे ते खरं श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा) घुमटासारखं असतं आणि आकुंचन पावताना सपाट होतं. परीक्षक हे हटकून विचारतात.

ओपीडीतून: मास्तर, फासळ्या राहिल्या! बाटली कडक, छाती नाही. पण टाचणीने बाटलीला भोक पाडून रबर ओढून दाखवा, फुगे नीट फुगणारच नाहीत. छातीला आरपार जखम झाली की फुप्फुस मिटतं ते असंच. १९२८ साली अमेरिकेत आलेलं ‘लोखंडी फुप्फुस’ही याच तत्त्वावर चालायचं: पोलिओच्या रुग्णाचं मानेखालचं शरीर पेटीत, आणि पेटीतला दाब कमी-जास्त करायचा.

रस्सा_वाढा: फुप्फुस पोकळ फुगा नसतं, हवेने भरलेल्या स्पंजासारखं असतं हेही सांगा. खाटकाकडून बकऱ्याच्या फुप्फुसाचा तुकडा आणून पाण्यात टाका, तरंगतो. आमच्याकडे लेक खूश, आजी दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकली नाही.

खारीचा_वाटा: बकरा बाद, सासूबाई शाकाहारी आहेत. बाटली पातळ चालेल का?

सांडगी_मिरची: नको, ओढताना चेपते. जाडच घ्या. आणि फुगे आधी तोंडाने फुगवून सैल करा, कोरे फुगे फार हट्टी.