'रेंज' म्हणजे पल्ला की अंतर?

अनुवादक : रडारवरच्या मजकुरात 'रेंज' पानोपानी येतं. सगळीकडे 'पल्ला' चालेल का? आणि 'इको'ला (वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरीला) 'प्रतिध्वनी' खटकतं. तिथे ध्वनी कुठे असतो?

तरंग : सगळीकडे नको. तोफेचा पल्ला म्हणजे ती कुठवर पोचते ते. विमान ४२ किमीवर आहे, हे अंतर. स्पंद (पल्स, रडार सोडतं तो लहरींचा छोटा झोत) सुटल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले २ (लहर जाऊन-येऊन असते). म्हणजे मायक्रोसेकंदाला १५० मीटर. ४२ किमीला २८० मायक्रोसेकंद.

पल्ल्याचं गणित वेगळं. नुसती शक्ती वाढवून भागत नाही. सेकंदाला १,००० स्पंद सोडले तर निःसंदिग्ध पल्ला, म्हणजे जिथवरचं अंतर खात्रीने कळतं तो, १५० किमी. १८० किमीवरच्या ढगाचा पडसाद पुढचा स्पंद सुटल्यावर येतो आणि ढग ३० किमीवर दिसतो.

'इको'ला मी 'पडसाद' म्हणतो. हो, 'पडसाद'मध्येही 'साद' आहेच. पण अर्थसंकल्पाचेही पडसाद उमटतात, तेव्हा कानाला खुपत नाही.

अनुवादक : 'पल्स विड्थ'ला 'स्पंदांतर' लिहिलं तर?

तरंग : घोटाळा होईल, ते दोन स्पंदांमधलं अंतर वाटतं. 'स्पंदकाल' लिहा, म्हणजे एक स्पंद किती वेळ चालतो ते. तो १ मायक्रोसेकंद असेल तर एकाच दिशेतल्या, १५० मीटरच्या आत मागेपुढे असलेल्या दोन वस्तूंचा एकच ठिपका होतो.

मोजपट्टी : वेगाबाबत एक भर. नुसतं 'वेग' अपुरं आहे, 'अरीय वेग' म्हणा. चाकाच्या आऱ्याच्या दिशेतला, म्हणजे रडारकडे येणारा किंवा दूर जाणारा. आडवं जाणारं विमान कितीही जोरात असो, त्या क्षणी डॉप्लर (गतीमुळे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक) शून्य.

कुलाब्याच्या एस-बँड हवामान रडारची तरंगलांबी साधारण १० सेमी. तेवढ्या तरंगलांबीला २० मी/सेकंदाने जवळ येणाऱ्या पावसामुळे वारंवारता ४०० हर्ट्झने वाढते. इतका बारीक फरक एका स्पंदात कळत नाही, म्हणून लागोपाठच्या पडसादांची कला (फेज, म्हणजे लहर आवर्तनात कुठवर आली आहे ते) ताडून पाहतात. दोन स्पंदांमध्ये कला अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त सरकली की दिशाच उलटी वाचली जाते. १,००० स्पंदांना ही मर्यादा २५ मी/सेकंद. चक्रीवादळात ३०ने जवळ येणारा वारा २०ने दूर जाताना दिसतो!

अनुवादक : मग स्पंद वाढवायचे?

मोजपट्टी : २,००० केले तर मर्यादा ५०वर जाते, पण पल्ला ७५ किमीवर येतो. म्हणून दोन वेगवेगळ्या स्पंदगती (सेकंदाला किती स्पंद) आलटून पालटून वापरतात आणि दोन्ही उत्तरं जुळतील तो वेग खरा धरतात. तुमच्या मजकुरात इथे 'रेंज' आला तर बिनदिक्कत 'पल्ला' लिहा.