ऑगस्टा काउंटी, व्हर्जिनिया (१७५०-७५): एकाच नावाचे दोन जेम्स कागदांतून वेगळे कसे काढायचे?

रानजाई

सासूबाईंना 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन'चा, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेचा, अर्ज भरायचा आहे. तिथे प्रत्येक पिढीला कागद लागतो, नेटवरच्या आयत्या वंशावळी चालत नाहीत. १८२० पर्यंतची साखळी पक्की आहे. त्याच्या वर व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) गाडं अडलंय. मूळपुरुष जेम्स. आडनाव इतकं सर्रास की सांगून उपयोग नाही.

हाती काय आहे ते लिहिते. बेव्हर्ली नावाच्या जमीनदाराकडून घेतलेल्या ३०० एकरांची दोन खतं: २० फेब्रुवारी १७५० चं पाच शिलिंगांचं आणि लगेच २१ तारखेचं नऊ पौंडांचं. दोन्हीची नोंद मात्र मे १७५१ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षानं. १७६५ मध्ये कोणी जेम्स ख्रिश्चन्स क्रीकवरची १५० एकर जमीन बायकोसह विकतो. मृत्युपत्र १७७१ मध्ये लिहिलेलं, कोर्टात सिद्ध झालं १७७४ मध्ये. त्यात धाकट्या दोघांना जमीन, थोरल्याला फक्त एक शिलिंग, आणि एका 'सन-इन-लॉ'ला घोडा. आमची शाखा थोरल्याची. करपात्र माणसांच्या यादीत एक जेम्स सीनियर आहे, एक ज्युनियर.

एकच जमीन दोनदा का घेतली? लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या पेटंटांत, म्हणजे सरकारकडून थेट जमीन मिळाल्याच्या सनदांत, याचं नावच का नाही? थोरल्याला बेदखल केलं होतं का? आणि मुख्य म्हणजे १७६५ चा विकणारा आणि १७७४ चा मयत एकच का? नेटवर सगळीकडे 'जन्म १७०९, अँट्रिम' (आयर्लंडमधलं) असं आहे, पुरावा कुठेच नाही.

दप्तरदार

जमीन एकदाच घेतली आहे. या पद्धतीला लीज अँड रिलीज म्हणतात. इंग्लिश कायद्यात जमिनीचा ताबा देण्यासाठी जागेवर जाऊन माती-काडी हाती देण्याचा विधी होता. तो टाळायला वकिलांनी काढलेली ही पळवाट. पहिल्या दिवशी वर्षभराचा भाडेपट्टा, नाममात्र पाच शिलिंगांत, भाडं म्हणून मिरीचा एक दाणा. दुसऱ्या दिवशी मालक उरलेला सगळा हक्क त्याच भाडेकरूला सोडतो, आणि खरी किंमत त्या कागदात येते. तुमच्या टिपणात दोन्ही मिळून एकच व्यवहार धरा, तारीख दुसरी. पहिलंच खत पाहून 'हे आधी कुळ होते' असं लिहिलेल्या वंशावळी ढिगानं सापडतात.

पेटंट मिळणार नाही, कारण ही जमीन त्यानं सरकारकडून घेतलेलीच नाही. विल्यम बेव्हर्लीला १७३६ मध्ये १,१८,४९१ एकरांचं एकच पेटंट मिळालं होतं, त्याला बेव्हर्ली मॅनर म्हणतात. त्याच्या दक्षिणेला बेंजामिन बॉर्डनचं १७३९ चं ९२,१०० एकरांचं. या दोन्हींत वस्ती करणारे लोक जमीन त्या मालकांकडून विकत घेत, म्हणून त्यांचे कागद काउंटीच्या डीड बुकात, म्हणजे खतांच्या वहीत, मिळतात. पेटंटं बघायची ती या हद्दींबाहेरच्या जमिनींसाठी.

आता काउंटी. ऑगस्टा कागदावर १७३८ मध्ये ऑरेंजमधून वेगळी काढली, पण तिचं कोर्ट सुरू झालं १७४५ मध्ये. मधल्या सात वर्षांची खतं, मृत्युपत्रं, खटले सगळे ऑरेंजच्या दप्तरात. पुढे १७७० मध्ये बॉटेटॉर्ट, १७७८ मध्ये रॉकब्रिज आणि रॉकिंगहॅम निघाल्या. माणूस जागचा न हलता त्याचे कागद तीन ठिकाणी पडू शकतात. आधी वर्षनिहाय सीमांचा नकाशा काढून बसा, मग शोधा.

एक शिलिंग म्हणजे राग नव्हे. बहुधा थोरल्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो. मृत्युपत्रात त्याचं नाव घालायचं ते 'बाप मला विसरला' म्हणून त्यानं पुढे दावा लावू नये एवढ्यासाठी. उलट, मृत्युपत्र नसतं तर व्हर्जिनियात सगळी जमीन थोरल्याचीच झाली असती. ज्येष्ठ पुत्राचा तो हक्क १७८५ च्या कायद्यानं गेला, अंमल १ जानेवारी १७८७ पासून. त्याआधी बाप मृत्युपत्र न करता गेला तर थोरल्याच्या नावे जमीन आल्याचा वेगळा कागद होतच नाही. पुढे तो विकतो तेव्हा खतात 'हेअर अ‍ॅट लॉ' (कायद्यानं वारस) हे शब्द येतात, आणि दोन पिढ्यांचं नातं त्या तीन शब्दांवर सिद्ध होतं.

'सन-इन-लॉ'चा अर्थ त्या काळी जावई किंवा सावत्र मुलगा, दोन्ही. 'कझिन' म्हणजे कित्येकदा पुतण्या किंवा भाचा. 'ऑर्फन' म्हणजे बाप गेलेला, आई हयात असली तरी. सीनियर-ज्युनियर बापलेकच असतील असं नाही. एका भागात एकाच नावाचे दोघे असले की वयानं मोठा तो सीनियर, आणि तो मेला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

मोडीवेडी

फक्त तारखेबद्दल. नोंद सव्वा वर्षानं झालेली नाही, तीन महिन्यांनी झाली आहे.

१७५२ पर्यंत इंग्लिश वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे डिसेंबर १७५० नंतर जानेवारी १७५०, मग फेब्रुवारी १७५०, आणि २५ मार्चपासून १७५१. तुमचं '२० फेब्रुवारी १७५०' आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १७५१ आहे. टिपणात १७५०/५१ असं जोडवर्ष लिहा. १७५१ हे वर्ष तर २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपलं. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या कागदांत 'पहिला महिना' असेल तर १७५२ आधी तो मार्च.

अक्षराचं म्हणाल तर शब्दाच्या मधला लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, 'जेसी' हा 'जेफ्सी' वाचला जातो. यंत्रानं वाचलेल्या मजकुरातही हीच चूक होते, म्हणून शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका.

चतुःसीमा

दोन जेम्स वेगळे करायचे तर मृत्युपत्र बाजूला ठेवा. नावं सारखी असतात, बायकांची नावंही दोन-चारच फिरतात. जमीन मात्र एका वेळी एकाच्याच नावे असते. प्रत्येक तुकड्याला वहीचं एक पान द्या: आला कधी, कोणाकडून, किती, गेला कधी, कोणाला, किती. हिशेब जुळलाच पाहिजे. ३०० आले, १७६५ मध्ये १५० गेले, तर मृत्युपत्रात १५० उरायला हवेत. मृत्युपत्र ३०० वाटतंय? मग एक तर मधली आणखी एक खरेदी तुमच्या नजरेतून सुटली आहे, किंवा विकणारा माणूसच वेगळा आहे.

तुकडा कोणता हे कळायला चतुःसीमा कागदावर उतरवा. खतात अशी वाक्यं असतात: 'पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व, १२० पोल, दोन हिकरींपर्यंत' (ओक, हिकरी ही झाडं). एक पोल साडेसोळा फूट, ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. आपल्या मंडळींना हे सोपं जावं: आपला गुंठा ३३ फूट बाय ३३, म्हणजे बरोबर दोन पोल बाय दोन पोल. ४० गुंठे म्हणा की १६० चौरस पोल म्हणा, एकर तोच. दोन्ही मापं इंग्रजांच्या मोजणीच्या ६६ फुटी साखळीच्या पोटातली.

कोनमापक, पट्टी आणि पारदर्शक कागद पुरतो. उत्तर ४० पूर्व म्हणजे उत्तरेकडे तोंड करून पूर्वेला ४० अंश वळायचं. सरकारी १:२४,००० नकाशावर शंभर पोल म्हणजे २१ मिलिमीटर. त्या मापानं काढलेला तुकडा नकाशावर ठेवून सरकवत गेलात की ओढ्याच्या वळणाशी बसतो. कोन होकायंत्राचे असल्यानं अख्खी आकृती काही अंश फिरवावी लागते. एकेक कोन सुधारत बसू नका.

शेवटची रेघ पहिल्या झाडाला मिळायला हवी. थोडी फट चालते, मोजणीच तशी होती. मोठी फट पडली तर बहुतेक कारकुनानं नक्कल करताना एक ओळ गाळलेली असते, नाहीतर उत्तरेचं दक्षिण केलेलं असतं. डीड बुक ही नक्कलवही आहे. त्याच जमिनीचं आधीचं किंवा नंतरचं खत काढा, गळालेली ओळ तिथे सापडते. सह्या जुळवायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेवा की वहीतल्या सगळ्या सह्या कारकुनाच्या हातच्या. निशाणी केलेली असेल तर तिचा आकार मात्र कारकून साधारण उतरवतो, तेवढा धागा धरता येतो.

'अमक्याच्या हद्दीला लागून' असं लिहिलेलं प्रत्येक नाव, साखळी धरणारे, साक्षीदार, सगळे टिपा. साखळीवाले बऱ्याचदा घरचेच मुलगे किंवा मेहुणे असतात. व्हर्जिनियात पॅरिशची (चर्चच्या हद्दीतल्या विभागाची) व्हेस्ट्री, म्हणजे कारभारी मंडळ, दर चार वर्षांनी माणसं नेमून बांध फिरवून घेई, त्याला प्रोसेशनिंग म्हणत. ऑगस्टा पॅरिशच्या त्या नोंदींत शेजारी ओळीनं येतात. दोन जेम्स दोन वेगळ्या शेजारांत दिसले की निम्मं काम झालं.

नदीकाठ

अँट्रिम १७०९ खोडून टाका. कागदांतून निघतात त्या मर्यादा लिहा: विकणारा किमान २१ चा, करपात्र गोरा पुरुष किमान १६ चा, साक्षीदार साधारण १४ चा. सज्ञान नसलेल्याच्या नावे जमीन घेता येई, विकता येत नसे. म्हणून जन्माच्या अंदाजाला खरेदीपेक्षा विक्री भक्कम.

या लोकांतले बरेचसे आयर्लंडहून फिलाडेल्फियाला उतरून, पेनसिल्व्हेनियात काही वर्षं काढून वॅगन रोड या गाडीरस्त्यानं खाली दक्षिणेला आले. १७४० च्या सुमाराला ऑरेंजच्या कोर्टात कित्येकांनी 'मी स्वखर्चानं आयर्लंडहून फिलाडेल्फियामार्गे या वसाहतीत आलो' असं शपथेवर सांगितलं, कारण माणशी ५० एकरांचा हक्क मिळत होता. ऑर्डर बुकातल्या, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या वहीतल्या, त्या नोंदींत बायकोमुलांची नावं असतात. तुमचा जेम्स त्यात सापडला तर घबाड.

पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर (१७२९ आधी चेस्टर) बघा. तिथली पद्धत निराळी: अर्ज, वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी, पेटंट. १७३२ ते १७६५ शंभर एकरांचा भाव १५ पौंड १० शिलिंग, वर दर एकरी अर्धा पेनी सारा. वॉरंट घेऊन पेटंट न काढता जमीन दुसऱ्याला देऊन निघून गेलेले पुष्कळ, त्यामुळे फक्त पेटंटं चाळलीत तर ते निसटतात. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराची वॉरंट रजिस्टरं नेटवर आहेत, काउंटी आणि आडनावाच्या आद्याक्षरानं लावलेली. पैशांची तुलना करताना सांभाळा. स्पॅनिश डॉलर व्हर्जिनियात ६ शिलिंगांना, पेनसिल्व्हेनियात साडेसातला.

रानजाई

फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर मूळ पानं काढली. आतापर्यंत छापील गोषवाऱ्यावरच चालले होते. १७६५ च्या खताच्या पहिल्या ओळीत विकणाऱ्याचं राहण्याचं ठिकाण नॉर्थ कॅरोलायनातली रोअन काउंटी दिलंय! गोषवाऱ्यात तेवढंच गाळलं होतं. तुकडाही १७५३ मध्ये दुसऱ्याच माणसाकडून घेतलेला. मृत्युपत्रातली जमीन मिडल रिव्हरवरची, बेव्हर्लीची ३००, दोघांत निम्मी-निम्मी. म्हणजे माणसं दोन.

पण थोरल्याला जमीन दिल्याचं खत ऑगस्टाच्या सूचीत नाही. आणि १७५१ च्या खतात जेम्सच्या बायकोचं नाव नाही, तेव्हा लग्न झालं नव्हतं का?

दप्तरदार

घेणाऱ्याची बायको खतात येतच नाही. येते ती विकणाऱ्याची, कारण नवऱ्यामागे एक तृतीयांश जमिनीवर तिचा हयातभर हक्क, म्हणजे डावर. तो सोडल्याबद्दल तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत. हा जबाब कधी खताखाली, कधी महिन्यांनी ऑर्डर बुकात. विक्रीत बायको नसली म्हणजे तो विधुर, असंही लगेच धरू नका.

हिशेब जुळला ते उत्तम, पण रोअनची डीड बुकंही काढा. तो जेम्स तिथे १७७४ नंतर जिवंत दिसला की शंकाच संपली. रोअन १७५३ मध्ये अ‍ॅन्सनमधून निघाली.

थोरल्याचं खत सूचीत नाही म्हणजे वहीत नाही, असं नव्हे. सूची विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावानं असते, आणि वारसांनी मिळून केलेलं खत पहिल्या सहीच्या माणसाखाली जातं, पुढे 'इत्यादी'. बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव पहिलं असेल तर तुम्हाला ते कधीच दिसणार नाही. फॅमिलीसर्चच्या पूर्ण मजकूर शोधात जेम्सचं नाव आणि ओढ्याचं नाव एकत्र टाका. खातं फुकट आहे, काही चित्रं मात्र त्यांच्या केंद्रातच उघडतात.

चतुःसीमा

आणि १७७४ च्या आसपास थांबू नका. विधवा जगली तेवढी वर्षं तिचा तिसरा हिस्सा अडकून राहतो. वाटणी, विक्री, भांडण ती गेल्यावर. वीस-तीस वर्षांनी सगळ्या भावंडांची नावं असलेलं खत निघतं, केंटकीला गेलेल्याचं मुखत्यारपत्र जोडलेलं असतं. भांडण कोर्टात गेलं असेल तर लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या चॅन्सरी (वारसा-वाटणीसारखे दावे चालवणारं कोर्ट) सूचीत ऑगस्टाचे खटले चित्रांसह फुकट आहेत. वादी-प्रतिवादींसोबत सगळी आडनावं शोधता येतात, तेव्हा जावयांचीही टाका.

मयताच्या मालाची यादी आणि लिलावही बघा, दोन्ही विल बुकातच, म्हणजे मृत्युपत्रांच्या वहीतच, असतात. व्हर्जिनियात या यादीत जमीन नसते, तिचा शोध तिथे घेऊ नका. लिलावात खरेदी करणाऱ्यांत विधवा, मुलगे, जावई पुढे असतात. थोरला १७७४ मध्ये हयात आणि तिथेच होता हे तेवढ्यावरूनही दाखवता येतं. यादीत गुलामांची नावं निघाली तर तीही उतरवून घ्या. त्यांच्या वंशजांना बऱ्याचदा तेवढाच कागद असतो.

नदीकाठ

अर्जासाठी चित्र उतरवताना वहीचं मुखपृष्ठ, पान क्रमांक आणि मृत्युपत्राखालचा कोर्टात सिद्ध झाल्याचा मजकूर, तिन्ही घ्या. सासूबाईंच्या अर्जात मृत्यूची तारीख देऊ नका. मृत्युपत्राची १७७१ ची तारीख आणि सिद्ध झाल्याची १७७४ ची, 'या दोन्हींच्या दरम्यान' असं लिहा.