पेशंटच्या मावशांना कसलं आलंय समुपदेशन?

मिरजेची_मुलगी: काल इथे एकीने लिहिलं, घरी पेशंट सांभाळायला येणाऱ्या मावशांना समुपदेशन वगैरे चोचले कशाला, आधी मोबाईल बाजूला ठेवायला शिकवा. डोकंच फिरलं. माझी आई 11 वर्षं ब्युरोतर्फे, म्हणजे अशा बायका पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे, ड्युट्या करतेय. अल्झायमरच्या एका आजोबांकडे चार वर्षं होती, ते तिला बहीण समजायचे, मधेच चावायचेही. पहाटे गेले तेव्हा मुलगा विमानात, तोंडात पाणी आईनेच घातलं. दुपारी ती सोफ्याखालची बॅग काढत होती तर ब्युरोचा फोन, "उद्यापासून सिंहगड रोडला येताय की दुसरीला देऊ?"

पेठेतली_सून: ती मीच लिहिणारी. वाईट वाटलं, खरंच. पण सासूबाईंची दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगितलेलं, ही रील्स बघत बसली आणि माकडहाडाशी बेडसोर. तीन महिने ड्रेसिंग मी केलं, माझं समुपदेशन कोण करणार??

नाईटवाली: ड्युटी 12 तासांची होती का 24 ची?

पेठेतली_सून: 24. दोघी नाही परवडत.

नाईटवाली: म्हणजे रात्रभर दोन दोन तासांनी उठायचं, दिवसा डायपर, आंघोळ, वर तुमच्या पोळ्याही, आणि डोळा लागू नये म्हणून मोबाईल बघितला तर तो गुन्हा. वा!

पेठेतली_सून: पोळ्यांचं मी कुठे बोलले?

नाईटवाली: लाटत नव्हती का?

हिशेबी_नाना: अहो खरा चोर ब्युरो. आम्ही 24 हजार भरायचो, बाईच्या हातात 17. बदली मागितली की परत फी, पावती मागितली की "साहेब, सिस्टीम बंद आहे".

मिरजेची_मुलगी: मग डायरेक्ट ठेवायची.

हिशेबी_नाना: ठेवली की. दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही.

नाईटवाली: सुट्ट्या किती द्यायचात?

हिशेबी_नाना: महिन्याला दोन. एकीचे पैसे कापायचो, ते सोडा.

कायदेपंडित: 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. नाव नोंदवा.

मिरजेची_मुलगी: आईचं आहे नोंदवलेलं. पंचावन्न झाल्यावर 10 हजार सन्मानधन, तेही एकदाच. रडायला सुट्टी कुठल्या कलमात आहे, सांगा की पंडित.

पेठेतली_सून: बरं बाई, रात्रीला वेगळी बघते, नवऱ्याला सांगते गाडीचा हप्ता थांबव म्हणून. पण मोबाईलचं मी बोलले ते बोलले.

हिशेबी_नाना: पावतीचं कुणीच बोलत नाहीये.