मदत हवी आहे: काकांच्या रंगवलेल्या घराचं म्युझियम करायचंय

नमस्कार मंडळी, आमचे काका मार्चमध्ये गेले. कोल्हापूरजवळच्या जुन्या घरात एकटेच राहायचे आणि चाळीस वर्षं घरच रंगवत बसले, भिंती, कपाटं, जिन्याच्या पायऱ्या, काही म्हणजे काही सोडलं नाही. न्हाणीच्या भिंतीवर फुटक्या बांगड्यांचा मोर आहे, त्याच्या डोळ्याला आजीच्या चोळीचं बटण लावलंय. लोक वेडा म्हणायचे, मला ते घर जपायचंय.

कोल्हापुरात राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरेंनी स्वतःचं घर आणि चित्रं सरकारला दिली, तिथे कलासंग्रहालय आहे, ते माहितीय. इंग्लंडात बर्कनहेडला रॉन गिटिन्स म्हणून एकजण होते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये सिंहाच्या तोंडाची फायरप्लेस बनवलेली, ते 2019 ला गेले आणि 2024 मध्ये त्या फ्लॅटला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. मग आपल्याकडे का नाही होणार?

पण प्रॉपर्टी कार्डावर पाच नावं आहेत, दोन चुलतभावांना विकायचंय. आधी ट्रस्ट करायचा की हक्कसोड (म्हणजे बाकीच्यांनी आपला हिस्सा लिहून सोडणं)? आणि ओलीने चुन्याच्या भिंतीला लोणा (पांढरा क्षार) लागलाय, रंगाचे पोपडे सुटतायत, गवंडी वॉटरप्रूफ सिमेंट मारा म्हणतोय, मी थांबवलंय कारण ओल आतच कोंडेल. भित्तिचित्रांचं काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर प्लीज सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.