मदत हवी आहे: सिल्व्हर ड्रेसिंगखाली कातडी काळी पडली, ड्रेसिंग काढू का?

सई_आर: बाबांच्या पायाला नॅनो सिल्व्हरचं (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं) ड्रेसिंग आहे. कडेची कातडी काळपट करडी दिसतेय. सिस्टर शनिवारी येणार. काढू की ठेवू? लवकर सांगा.

माधवकाका: जखम कसली? साखर आहे का? कितवा दिवस?

सई_आर: अंगठ्याखाली तळव्याला. शुगर आहेच, १५ वर्षं. चौथा दिवस.

रानवारा: शुगर आहे हे आधी सांगायचं ना! आमच्या आईची जखम मधाने भरली. चांदी म्हणजे पैशाचा चुराडा.

वॉर्डातली_ताई: मध राहू दे. सई, ओल्या गॉजने डाग पुसून बघ. चांदीचा असेल तर फिकट होतो. पट्टी कशाने भिजवली होती?

सई_आर: सलाईनने. सगळे तेच वापरतात ना?

वॉर्डातली_ताई: काही नॅनो पट्ट्यांना सलाईन चालत नाही, निर्जंतुक पाणीच लागतं. सलाईनमधल्या क्लोराइडने चांदीचं सिल्व्हर क्लोराइड होतं, मग जंतूंवर मारा कमी पडतो. पाकिटावर लिहिलेलं असतं.

माधवकाका: मुळात चांदीने जखम लवकर भरते हेच पक्कं नाही. ब्रिटनमधल्या २००९ च्या व्हल्कन चाचणीत चांदीच्या आणि साध्या पट्टीत फरक दिसला नव्हता. तळव्यावरचा भार काढा, ते खरं औषध.

रानवारा: मी काय म्हणत होतो!

वॉर्डातली_ताई: काका, ती चाचणी शिरांच्या बिघाडाने पायाला होणाऱ्या व्रणांवर होती, शुगरच्या जखमांवर नाही. जंतू वाढले असतील तर चांदी दोन आठवडे लावून बघतात, गुण नसेल तर थांबवतात. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर मात्र नकोच, प्रयोगशाळेत ती नव्या कातडीच्या पेशींनाही मारते असं दिसलंय. भाराचं तुमचं बरोबर आहे.

गोदाकाठ: एमआरआय असेल तर अशी पट्टी आधी काढावी लागते. आणि ताई, सासरे बाटलीतलं कोलॉइडल सिल्व्हर (चांदीचे बारीक कण असलेलं पाणी) पितात, चालतं का?

वॉर्डातली_ताई: आजच बंद करा. पिऊन पिऊन कातडी कायमची निळी-करडी होते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) १९९९ मध्येच ते औषध म्हणून सुरक्षित किंवा गुणकारी मानायला नकार दिला.

सई_आर: अहो, एमआरआय नाहीये! कडेचा डाग गेला. पण अंगठा काळानिळा आहे, दुसऱ्या पायापेक्षा गार लागतोय.

वॉर्डातली_ताई: हे चांदीचं नाही. रक्तपुरवठा बघायला हवा. शनिवारपर्यंत थांबू नका, आत्ता इमर्जन्सीत न्या. शेकू नका, चालवू नका.

सई_आर: रिक्षा आली. पट्टीचं पाकीट सोबत घेतलंय.