मदत हवी आहे: प्रेसमधला विंडोज एक्सपीचा पीसी बंद पडायला आलाय, पेजमेकरच्या फाइल आणि एलपीटी लॉक कसं वाचवू?

प्रेसवाली_बार्शी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

बार्शीत आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे. अण्णांनी सुरू केली, आता डीटीपीचं सगळं मी बघते. काम एकाच पीसीवर चालतं, पेन्टियम ४, इंटेल ९१५ चिपसेटचा बोर्ड, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई (जुन्या चपट्या केबलची) हार्डडिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. त्यावर पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आहे आणि मराठी फॉन्टचं एक जुनं पॅकेज आहे, त्याचं लॉक (सॉफ्टवेअर विकत घेतलेलंच आहे हे दाखवणारी छोटी डबी) मागे एलपीटी पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीला लागतं, ते सापडलं नाही तर मराठी टायपिंग चालूच होत नाही.

आता काय होतंय ते सांगते. सकाळी पीसी पहिल्या झटक्यात चालू होत नाही. झाला की तारीख पार मागे गेलेली असते, रोज नीट करायची. मधूनच "लॉक सापडत नाही" येतं, बंद करून परत चालू केला की कधी सापडतं कधी नाही. आणि हल्ली काम करता करता निळी स्क्रीन येते, आकड्याच्या शेवटी ७ए असतं, त्याच्या आधी डिस्कमधून कट कट आवाज येतो. इथल्या रिपेअरवाल्यांनी सांगितलं की चेकडिस्क मारा, नाही झालं तर फॉरमॅट करू.

फॉरमॅट मला परवडणारच नाही हो. पत्रिका आणि पावतीपुस्तकं गेली तर परत करता येतील, पण त्या डिस्कवर तालुक्यातल्या कवी-लेखकांची पुस्तकं आहेत, भजनी मंडळांचे अभंगसंग्रह आहेत, एका वार्षिक अंकाची सगळी वर्षं आहेत. काही लेखक आता हयात नाहीत, त्यांच्या हस्तलिखितांचा पत्ता नाही, छापील प्रती कुणाकडे असल्या तर असल्या. सीडीवर बॅकअप घेतलेला, त्यातल्या बऱ्याच सीडी आता वाचल्याच जात नाहीत.

लॉकवाल्या पॅकेजची ही आवृत्ती आता कुणी बघत नाही, नवी घ्या म्हणतात, घेईनही, पण आधी हा पीसी जगायला हवा. शेजारी विंडोज ११ चा नवा पीसी आहे, जीएसटीची बिलं आणि मेल त्यावर. काय आणि कुठल्या क्रमाने करू ते सांगा.

सोल्डर

ताई, आधी पीसी बंद करा आणि चेकडिस्क अजिबात मारू नका. ते डिस्क दुरुस्त करत नाही, फाइल सिस्टीमची जुळवाजुळव करतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर पूर्ण स्कॅन चालवला की हेड सगळीकडे फिरतं आणि उरलेलं आयुष्य त्यातच जातं. ७ए चा अर्थ असा की विंडोजला मेमरीतलं एक पान डिस्कवरून परत आणायचं होतं, बहुतेक पेजफाइलमधून (रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर ज्या फाइलमध्ये ठेवतं ती), आणि ते वाचता आलं नाही. कधी कधी आयडीईची चपटी केबल ढिली असली तरी हेच येतं, पण कट कट आवाज आहे म्हणजे डिस्कच.

तारीख मागे जाते ते बोर्डावरच्या बटन सेलमुळे, सीआर२०३२. घड्याळवाल्याकडेही मिळतो. आणि लॉकचा लपंडावही बहुतेक त्याच सेलमुळे आहे: सेल संपला की बायॉसच्या (पीसी चालू होताना आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) सगळ्या सेटिंग डिफॉल्टला जातात, त्यात एलपीटी पोर्टचा मोडही आला. एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे मोड असतात, काही लॉक ठरावीक मोडमध्येच दिसतात. सेल बदला, एकेक मोड लावून बघा, ज्यात लॉक सापडेल त्या बायॉस स्क्रीनचा फोटो काढून कॅबिनेटच्या आत चिकटवा.

लॉक काढताना-लावताना पीसी बंदच हवा, एलपीटी चालू मशीनवर काढायचं पोर्ट नाही.

चालू व्हायला त्रास देतो म्हणताय तर कॅबिनेट उघडून प्रोसेसरजवळचे कपॅसिटर पण बघा, डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी काही बाहेर आलं असेल तर बदलावे लागतील. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मल्टिमीटरने तपासून घ्या, १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी.

पण हे सगळं नंतर. आधी डिस्कची कॉपी.

नवंकोरं

राग मानू नका पण एक्सपी कशासाठी धरून बसायचं? सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या पीसीवर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत, वापरा ना सरळ.

प्रेसवाली_बार्शी

नवीन काम युनिकोडमध्येच करणार आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जुन्या फाइलमध्ये मराठी म्हणून जे दिसतं ते आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले आकार आहेत, फॉन्ट काढला की पानावर नुसता कचरा उरतो. ते नुसतं कॉपी-पेस्ट करून युनिकोड होत नाही. शिवाय नवं इनडिझाइन (पेजमेकरच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) पेजमेकरची फाइल उघडतच नाही.

अक्षरजुळणी

ताईंचं बरोबर आहे. पेजमेकर ६ ते ७ च्या फाइल थेट उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६, त्याच्या पुढच्या सीसी आवृत्तीपासून ती सोय गेली. लिब्रेऑफिस ड्रॉ ४.४ पासून पेजमेकरच्या फाइल उघडतं, फुकट आहे, मजकूर बऱ्यापैकी हाती येतो, पण पानाची मांडणी हलते आणि फॉन्टचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून जुनं मशीन अजून काही काळ जगवणं हाच बरोबर रस्ता आहे, यात जुनाट हट्ट काही नाही.

टर्मिनल

कॉपीचं मी सांगतो, असल्या डिस्क बऱ्याच काढल्यात. एक सांगून ठेवतो, आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशीच झाली तर ताबडतोब थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या, मग घरी प्रयोग नको.

साध्या क्लोनिंग सॉफ्टवेअरने करू नका, ते खराब सेक्टरवर अडकून बसतं. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरा. ते आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या अडलेल्या भागाकडे परत येतं, मरत्या डिस्कला हेच हवं असतं. सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या, त्यात ते असतंच. नवा पीसी त्या पेनड्राइव्हवरून चालू करा, विंडोजमध्ये जुनी डिस्क जोडूच नका, कारण विंडोज डिस्क दिसली की लगेच त्यात हात घालायला जातं.

लागणारं सामान: आयडीई आणि साटा (नंतरच्या डिस्कची जोडणी) दोन्ही चालणारा यूएसबी ॲडाप्टर, १२ व्होल्टच्या वेगळ्या सप्लायसकट, कारण साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. जुन्या डिस्कचा जंपर मास्टरवर. १२० जीबीची एक साटा एसएसडी. आणि अजून एक साधी पेनड्राइव्ह, मॅप फाइल ठेवायला. मॅप फाइल म्हणजे कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद, मधेच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं.

कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅप फाइल. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल आणि सगळं संपेल. म्हणून एंटर दाबायच्या आधी दोन्ही डिस्कची साइज आणि मॉडेल नंबर स्क्रीनवर ताडून बघा, घरातल्या कुणाला शेजारी बसवून मोठ्याने वाचून घ्या. नव्या पीसीच्या स्वतःच्या डिस्कची केबल तेवढ्यापुरती काढून ठेवता आली तर उत्तमच.

पहिल्या फेरीत फक्त सोपं वाचायचं, खरवडायचं नाही, त्याचा पर्याय आहे. ती झाली की मग राहिलेल्या जागांवर दोन-तीन वेळा प्रयत्न. चेकडिस्क मारायचं तर कॉपीवर मारा, जुन्या डिस्कवर कधीच नाही.

सोल्डर

टर्मिनलना जोड. एसएसडी जुन्या पीसीत लावताना बोर्डाच्या साटा पोर्टला लावण्यापेक्षा साटा ते आयडीई कन्व्हर्टर घ्या आणि जुन्याच आयडीई केबलला जोडा, म्हणजे एक्सपीच्या दृष्टीने कंट्रोलर तोच राहतो. नाहीतर ड्रायव्हर जुळला नाही की चालू होतानाच निळी स्क्रीन, त्यात शेवटी ७बी. फक्त डिस्क बदलली तर ॲक्टिव्हेशन सहसा परत मागत नाही, बोर्ड बदलला तर मागतं.

एक्सपी ६३ व्या सेक्टरपासून पार्टिशन सुरू करतं, एसएसडीला ते सोयीचं नाही आणि एक्सपीत ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) पण नाही, म्हणून कुणी तुम्हाला पार्टिशन सरकवायला सांगेल. सरकवू नका. पेजमेकरला तो वेग लागत नाही आणि बूट बिघडण्याचा धोका उगाच कशाला.

पुढच्या सोयीसाठी एक सेकंडहँड बोर्ड बघून ठेवा, जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा, मागे एलपीटी असलेला. एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून चक्कर मारली तर सापडतो. यूएसबी ते एलपीटी केबल घेऊ नका, ती फक्त प्रिंटरसाठी असते, लॉकला तिच्यातून पोर्टच दिसत नाही.

शाईवाला

आमच्याकडे असंच होतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकला, नव्या मशीनवर मस्त चालतो. पण आमचं लॉक यूएसबीचं होतं, ते आत देता येतं. एलपीटीच्या लॉकचं आत चालेलच असं नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. नुसतं फाइल उघडून छापायचं असेल, टायपिंग नको असेल, तर मात्र जमू शकतं कारण फॉन्ट साधे टीटीएफ असतात.

लॉक तोडलेलं सॉफ्टवेअर कुणी देऊ केलं तर घेऊ नका, त्यासोबत काय काय येतं ते कळत पण नाही.

टर्मिनल

सिक्युरिटीचं राहिलं. जुना पीसी इंटरनेटला आणि प्रेसच्या वायफायला, कशालाच जोडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा सपोर्ट संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी पॅच काढला होता, एवढी ती गोष्ट गंभीर होती. ते शिरत होतं फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी १. नव्या विंडोजमध्ये ती बंदच येते, त्यामुळे दोन पीसी एकमेकांना दिसत नाहीत, आणि मग कुणीतरी सांगतं की ती चालू करा. करू नका.

गिऱ्हाइकाची पेनड्राइव्ह थेट जुन्या पीसीला नको, शॉर्टकट व्हायरस तिथूनच येतो. आधी नव्या पीसीवर तपासायची, मग आपल्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरून फाइल न्यायची. एक्सपी प्रोफेशनल असेल तर ग्रुप पॉलिसीत सिस्टीमखाली ऑटोप्ले बंद करायची सोय आहे, ती सगळ्या ड्राइव्हसाठी लावा.

प्रेसवाली_बार्शी

मंडळी, झालं! खूप आभार सगळ्यांचे, खरंच.

क्रम तुम्ही सांगितला तोच ठेवला. कॉपी करताना अण्णांना शेजारी बसवलं आणि मॉडेल नंबर त्यांच्याकडून वाचून घेतले. पहिल्या फेरीत जवळपास सगळं आलं, राहिलेला थोडा भाग परत परत प्रयत्न करून त्यातलाही बराचसा मिळाला. कन्व्हर्टरवर एसएसडी लावली, एक्सपी चालू झाला, पेजफाइल काढून नवी केली, निळी स्क्रीन तेव्हापासून नाही. एका अंकाच्या दोन फाइल उघडत नाहीत, पण त्या अंकाची छापील प्रत आमच्याकडे आहे, परत टाइप करेन.

सेल बदलला आणि लॉक ईपीपी मोडमध्ये दर वेळी सापडतंय. दोन कपॅसिटर फुगलेले निघाले, ते बदलून घेतले, आता सकाळी पहिल्याच बटणाला चालू होतो. एसएसडीची अजून एक कॉपी करून कपाटात ठेवलीय, जुनी डिस्क पण टाकली नाही.

आता पुस्तकांचं काय करू? इतकी पानं युनिकोडमध्ये कशी न्यायची?

अक्षरजुळणी

आधी प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ करून टाका, जुन्याच मशीनवर. पेजमेकर ७ सोबत डिस्टिलर (पीडीएफ करायचं सॉफ्टवेअर) येतं, फॉन्ट एम्बेड करायची सेटिंग चालू ठेवा. त्यातून मजकूर कॉपी केला तर कचराच येईल, पण पान जसं छापलं तसं कुठल्याही मशीनवर दिसेल आणि छापताही येईल. म्हणजे लॉक उद्या गेलं तरी पुस्तक राहिलं.

मग सावकाश युनिकोड. तुमच्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधा, फॉन्टागणिक कन्व्हर्टर वेगळा लागतो. पेजमेकरमधून मजकूर टेक्स्ट म्हणून एक्सपोर्ट करून त्यात टाका. तपासताना दोन जागी नजर ठेवा: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, तो युनिकोडमध्ये आधी येतो. कन्व्हर्टर चुकतो तो इथेच, विशेषतः "स्थिती", "मूर्ती", "कार्त्तिक" असल्या जोडाक्षरांत. अवतरणचिन्हं, दंड आणि ऱ्या हे पण बघा.

सुरुवात हयात नसलेल्या लेखकांपासून करा, आणि त्यांच्या घरच्यांना विचारून. मुद्रितं वाचायला माणूस हवा असेल तर मी आहे, मूळ पीडीएफ आणि युनिकोड फाइल सोबत पाठवा, संध्याकाळी बसून वाचत जाईन.

प्रेसवाली_बार्शी

दादा, मग पहिला अभंगसंग्रहच पाठवते, त्यात रफार ढीगभर आहेत. मंडळाच्या लोकांशी आजच बोलून घेते.